तळं आणि शेजारधर्म

सोलापुरात बागेत तळं खणायला घेतलं की कुंपणापलीकडून प्रश्न येतोच, "काय ओ, म्हैस पाळायलाव का?" प्रश्न रास्त आहे. नळ जिथे काही दिवसांआड येतो, तिथे सहा बाय चार फुटांच्या, दोन फूट खोल खड्ड्यात साडेतेराशे लिटर पाणी ओतणारा माणूस संशयितच. "दोनशे लिटरची जेमतेम सात बॅरल हो," असं मी सांगतो. त्याने समाधान होत नाही, फक्त आकडा गल्लीभर होतो.

सिमेंटचं तळं करायचा सल्ला फुकट मिळतो, तो फुकटच राहू द्यावा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर सिमेंटही. त्यापेक्षा शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद बरा. लांबी आणि रुंदी, दोन्हींत खोलीची दुप्पट आणि कडेला दाबायला दोन फूट मिळवायचे. म्हणजे आपल्या खड्ड्याला बारा बाय दहा. खाली दोन इंच वाळू, वर जुनं काहीतरी. सोलापूर म्हणून चादर अंथरायचा मोह होतो, पण सुती चादर कुजते. निवडणुकीनंतरचा फ्लेक्स उत्तम. पुढारी पालथे घालावेत.

जागा सकाळच्या उन्हाची. तळ्यात वाढणाऱ्या लिलीला पाच-सहा तास ऊन लागतं, पण मे महिन्यात दुपारनंतर हिरवी जाळी हवीच. कडुनिंबाखाली तळं केलं तर पानगळीत रोज झारा घेऊन बसावं लागतं. लिली पसरट टबात, निव्वळ काळ्या मातीत लावायची, वर इंचभर खडी. शेणखत घालणाऱ्यांचा उत्साह पाण्यात विरघळतो आणि पाणी सडतं. टब आधी विटांवर ठेवायचा, पानं वर आली की एकेक वीट काढत जायचं. शेवटी टबावर फूटभर पाणी पुरे.

मग पाणी हिरवं होतं. होतंच. आणि घरात, दारात, फोनवर एकच घोष सुरू होतो: पाणी बदला! ही खरी परीक्षा. हिरवं म्हणजे शेवाळाचे बारीक कण. ऊन आणि पाण्यातले क्षार यांवर ते जगतात. पाणी बदललं की ताजे क्षार मिळतात आणि ते नव्या जोमाने सुरुवात करतात. लिलीच्या पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकलं की शेवाळाचं ऊनच तुटतं. तोवर काही आठवडे हात खिशात ठेवून उभं राहायचं. पाहुण्यांसमोर हे फार अवघड जातं. सावलीसाठी कुणी जलपर्णी देऊ केली तर तिचा पराक्रम आधी कंबर तलावावर पाहून यावा.

डासांची तक्रार मात्र खरी असते. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उपाय गप्पी मासे. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावरच ते सोडावेत. त्यांना रोज खायला घालू नये. पोट भरलेला गप्पी अळ्यांकडे ढुंकून बघत नाही.

उन्हाळ्यात पातळी उतरली की "गळतंय" अशी बातमी शेजारी आपल्याआधी देतात. काठावर भरलेली बादली ठेवावी, दोन्हीकडे खूण करावी. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तर ते उन्हाने नेलं. आपल्या तळ्यातून सेंटिमीटरमागे बावीस लिटर. तळं जास्त उतरलं तर आधी कागदाची कड बघावी, बहुधा एखाद्या कोपऱ्यात खाली बसलेली असते. बादलीची जागा मात्र कुंपणापासून लांब निवडावी, नाहीतर कुणीतरी भली बाई ती तळ्यात ओतून मोकळी होते.