रायफलीचे दात

परवाना हातात पडला तेव्हा वाटलं, सुटलो. आता दुकानात जायचं, पैसे मोजायचे, रायफल घेऊन यायची. पण कोल्हापुरात माणूस पायताण घ्यायलासुद्धा एकटा जात नाही. माझ्यासोबत मामा आले. मामांनी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही. म्हशी मात्र शे-दीडशे पारखल्या असतील.

घरातली चौकशी आधीच उरकली होती. "राधानगरीकडच्या मळ्यात गवा येतो म्हणून घेताय, पण गव्याला मारता येतं का?" येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. "मग?" मग मळ्यातल्या घरात एकट्याला आधार. हे उत्तर पोलिसांना पटलं. बायकोला अजून पटायचंय.

दुकानात शिरताच मामा म्हणाले, "स्वप्नीलची दाखवा."

२०२४ ला पॅरिसात कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मारल्यापासून आमच्याकडं रायफल म्हणजे तीच. दुकानदारानं समजावलं, ती नळीच्या मापानं पॉइंट बावीसची, पन्नास मीटरवर १०.४ मिलिमीटरचं वर्तुळ टिपायची. तुमच्या परवान्यावर आहे पॉइंट तीनशे पंधरा. थ्री-नॉट-थ्री पडलं लष्कराचं बोअर, म्हणजे नळीचं माप, ते साध्या माणसाला मिळत नाही, म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्यानं लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीच्याच धाटणीवर लोकांसाठी ही काढली.

नवीची किंमत ऐकून आम्ही जुन्या दोन बघायला मागितल्या. पहिली नवरीसारखी चकाकत होती. दुकानदारानं ती रिकामी असल्याची खात्री करून दिली. मी बोल्ट, म्हणजे काडतूस आत रेटून नळी मागून बंद करणारा भाग, मागं ओढला आणि तो डुगडुगला. तीन रात्री मोबाइलवर केलेला अभ्यास ओरडला, "खराब!"

"उघडा बोल्ट हलणारच हिचा," दुकानदार म्हणाला.

"मोकळं जनावर डुलतंच की," मामा म्हणाले. "दाव्याला बांधून बघ."

बोल्ट पुढं रेटला. शेवटच्या बोटभर अंतराला जोर लागला, कारण ही पुढं ढकलतानाच कॉक होते, म्हणजे आतली स्प्रिंग ताणून बसते. बोल्टची दांडी खाली पाडल्यावर मात्र जागचा हलेना.

"आता दात बघ."

बोल्ट काढून नळी उजेडाला धरली. मागच्या बाजूला गोळीला फिरवणारे पिळाचे आटे ठसठशीत, तोंडाशी साफ पुसलेले. पुसायचा गज पुढूनच घालून कुणीतरी वर्षानुवर्षं नळी घासली होती. गोळीला शेवटची दिशा मिळते नेमकी तिथंच.

"म्हातारी हाय," मामांनी निकाल दिला. "शिंगाला तेल लावून आणलीया."

दुसरीच्या लाकडावर ओरखडे, रंग उडालेला. पण आटे तोंडापर्यंत जिवंत, मुठीपाशी चीर नाही. मामांनी बोल्टवरचा नंबर बोटानं चाचपला, मग बॉडीवरचा. "कानातला बिल्ला जुळतोय." मी थक्क. भलताच बोल्ट बसवला तर काडतुसामागं नको तेवढी फट राहते आणि काडतूस फुटू शकतं, हे मला तिसऱ्या रात्री कळलं होतं. मामांना ते म्हशीवरून ठाऊक.

घेतली. तेल लावलं, कपाटात ठेवली, बायकोला दाखवली. तिनं फक्त कपाटाला कुलूप लावलं.

आठव्या दिवशी आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करायची नोटीस आली. ठाण्यात रायफल देऊन पावती घेऊन परतलो. मामांनी पावती उलटसुलट करून पाहिली.

"आठ दिवसांत आटली की रं म्हस!"