आपला गडी हरता कामा नये

बॉक्सिंगमध्ये माइक टायसन भारी की मुहम्मद अली, हा वाद तुम्हाला कधी ना कधी घालावाच लागणार आहे. पंगतीत, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत, गाडी लेट असेल तर फलाटावरही. अली शेवटचा लढला डिसेंबर १९८१ मध्ये आणि टायसनची पहिली व्यावसायिक लढत झाली मार्च १९८५ मध्ये, त्यामुळे दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. याला अडचण समजू नका, सगळी सोय इथेच आहे. झालेल्या लढतीत निकाल आडवा येतो. न झालेल्या लढतीत तुमचा आवाज, तोंडपाठ नावं आणि समोरच्याची घरी जायची घाई एवढ्यावर काम भागतं. तरी थोडी तयारी करून उतरलेलं बरं.

आधी तारीख ताब्यात घ्या. वादात बॉक्सर नेहमी ऐन भरातला घेतात, आणि भर कधी होता हे तुम्ही ठरवायचं. स्थळ बघताना मुलाचा कुठल्या साली काढलेला फोटो पाठवायचा हे मुलाकडचे ठरवतात, तसंच. टायसन तुमचा असेल तर २७ जून १९८८ ची रात्र घ्या. अटलांटिक सिटी, समोर तोवर एकदाही न हरलेला मायकेल स्पिंक्स, आणि ९१ सेकंदांत खेळ खलास. अलीवाल्याच्या पदरात ऑक्टोबर १९८० चा अली टाका: वय ३८, समोर लॅरी होम्स, आणि दहाव्या फेरीनंतर ज्याला त्याच्याच कोपऱ्यातल्या प्रशिक्षकांनी उठू दिलं नाही तो. तुम्ही अलीचे असाल तर पट उलटा मांडा. अली नोव्हेंबर १९६६ चा, ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत आटपणारा; आणि टायसन फेब्रुवारी १९९० चा, टोकियोच्या रिंगमध्ये रांगत दात वाचवणारा स्वतःचा माउथपीस चाचपडणारा. स्पिंक्स मुळात खालच्या वजनी गटातून वर आलेला होता आणि विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागली होती, या गोष्टी आपण होऊन सांगू नयेत. समोरच्यालाही काही अभ्यास राहू द्या.

तारीख ताब्यात आली की पराभव आपोआप मिटतात. टायसनवाल्यांनी ही विद्या फार वर नेली आहे. त्यांच्या हिशेबाने प्रशिक्षक केव्हिन रूनीला १९८८ च्या अखेरीस काढलं त्या दिवशी टायसन संपला, म्हणजे १९९० मध्ये बस्टर डग्लसने ज्याला आडवं केलं तो टायसन नव्हेच. ज्यांना याहून कडक सोवळं पाळायचं आहे ते टायसनला घडवणाऱ्या कस डि'अमाटोंचं नाव घेतात. डि'अमाटो वारले १९८५ मध्ये, टायसन जगज्जेता झाला १९८६ मध्ये; म्हणजे खरा टायसन संपल्यावर वर्षभराने त्याला किताब मिळाला. असा बॉक्सर हरणार तरी कसा?

अलीवाले यातही मागे नाहीत. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये अलीचा किताब काढून घेतला आणि साडेतीन वर्षं त्याला रिंगबाहेर ठेवलं. त्याचे पाचही पराभव त्यानंतरचे, १९७१ पासूनचे. तेव्हा नुसता अलीवाला १९६७ चा अली मागतो. पट्टीचा अलीवाला १९६८ चा मागतो. त्या वर्षी अली एकही लढत लढला नाही, त्यामुळे त्याच्यात खोट काढणं भल्याभल्यांना जमत नाही.

यानंतर बेरीज-वजाबाकी. अमक्याने तमक्याला हरवलं, तमक्याने ढमक्याला, म्हणून अमका ढमक्याला सहज हरवेल. हे हत्यार नवख्यांच्या हातातही चांगलं चालतं. फक्त १९७१ ते १९७४ या काळात ते बाहेर काढू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण समोरचा नेमका तिथेच तुम्हाला गाठणार आहे.

मार्च १९७१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने अलीला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. मार्च १९७३ मध्ये सॅन दिएगोत केन नॉर्टनने त्याला हरवलं, वर जबडाही मोडला. आता जॉर्ज फोरमन बघा. जानेवारी १९७३, किंग्स्टन: याच फ्रेझरला त्याने दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. मार्च १९७४, कराकस: याच नॉर्टनचा दुसऱ्या फेरीत निकाल लावला. अलीला हरवणाऱ्या दोघांना फोरमनने असं चिरडलेलं, म्हणजे अलीचं काय होणार हे सांगायला गणिताचा मास्तर लागत नव्हता. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात फोरमन चाळीसपैकी चाळीस लढती जिंकून उतरला आणि आठव्या फेरीत अलीने त्याला लोळवलं.

झालं असं की फ्रेझर खाली वाकून सरळ आत घुसायचा, आणि नेमका तिथेच फोरमनचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, वाट बघत असायचा. नॉर्टन दाबाखाली सरळ रेषेत मागे सरकायचा, म्हणजे फोरमनच्या टप्प्यातच राहायचा. अली दोरांना टेकून उभा राहिला, हातांच्या आड तोंड लपवलं, फोरमनची मान पकडून त्याला खाली दाबत राहिला आणि त्याला मारू दिलं. फोरमनच्या त्याआधीच्या तिन्ही किताबी लढती मिळून पाच फेऱ्याही भरल्या नव्हत्या. सहावी-सातवी फेरी कशी असते याची सवयच मोडलेली. कोण कोणाला भारी हे कोण कसा लढतो यावर ठरतं, आणि फ्रेझरपुढे उपयोगी पडलेली ताकद अलीपुढे हवेत आणि दंडांवर खर्च होऊ शकते.

हे सगळं खरं आहे, म्हणूनच वादात त्याचा काही उपयोग नाही. कुणी किन्शासा म्हटलं की लगेच विषय बदला. म्हणा, लेनॉक्स लुईसने २००२ मध्ये टायसनला आठ फेऱ्यांत गारद केलं. समोरचा म्हणेल, पण १९९४ मध्ये त्याच लुईसला ऑलिव्हर मॅकॉलने दुसऱ्या फेरीत खाली बसवलं होतं. मग मॅकॉल टायसनपेक्षा भारी ठरतो. हे दोघांनाही परवडत नाही, आणि वाद पुन्हा सुखाने सुरू होतो.

उंची-वजनाचा मुद्दा फार ताणू नका, तो दोन्हीकडून कापतो. तुमचा गडी मोठा असेल तर म्हणा, वजनी गट उगाच केलेत का? लहान असेल तर १९१९ चं टोलेडो काढा: जेस विलर्ड साडेसहा फूट आणि सुमारे २४५ पौंड, जॅक डेम्प्सी १८७ पौंड, आणि पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा जमिनीवर. समोरचा म्हणाला की ती जुनी माणसं, तर २०२४ चं रियाध आहेच. तिथे ओलेक्झांडर उसिकने आपल्याहून चाळीस-पन्नास पौंडांनी जड टायसन फ्युरीला (हा टायसन वेगळा) एकाच वर्षात दोनदा हरवलं.

नियम कोणते, हे मात्र चुकूनही विचारू नका. विचारलंत तर संध्याकाळ वाया गेली. टोलेडोत डेम्प्सी पडलेल्या विलर्डच्या उशालाच उभा राहायचा आणि तो उठता उठता परत हाणायचा; तेव्हा ते चालत असे. पुढे नियम आला की प्रतिस्पर्धी पडला की आधी दूरच्या कोपऱ्यात जायचं, मगच पंच आकडे मोजणार. १९२७ मध्ये शिकागोत जीन टनीला पाडल्यावर डेम्प्सी जुन्या सवयीने तिथेच रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली, टनी सावरून उठला आणि लढत जिंकला. मग तुमचा डेम्प्सी कोणता घ्यायचा, १९१९ च्या नियमांतला की आजच्या?

फेऱ्यांचंही तेच. १९१५ मध्ये हवानात जॅक जॉन्सन विलर्डकडून हरला ती लढत ४५ फेऱ्यांची ठरली होती आणि सव्विसाव्या फेरीत संपली. नंतर बरीच वर्षं किताबी लढती पंधरा फेऱ्यांच्या होत्या, आता बाराच्या असतात. आता रॉकी मार्सियानोच्या भक्ताला हळूच विचारा: सप्टेंबर १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तो बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता ना? नॉकआउट तेराव्या फेरीत झाला. आजच्या नियमाने त्या रात्री किताबही नाही आणि एकही लढत न हरल्याचा, ४९-० चा तो पवित्र आकडाही नाही. जो लुईसचंही तसंच. १९४१ मध्ये बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर पुढे होता आणि तेराव्यात पडला. (शेवट बाराव्या फेरीला आहे हे माहीत असतं तर मार्सियानो आणि लुईस आधीच झडप घालायला निघाले असते, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. शहाणी माणसं प्रत्येक कट्ट्यावर असतात.)

हे सगळं करूनही निकाल लागत नसेल तर यंत्राकडे जा. तोही मार्ग जुना आहे. मायामीच्या मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने १९६७ मध्ये निरनिराळ्या काळातल्या हेवीवेटांची, म्हणजे सर्वांत वरच्या वजनी गटातल्या बॉक्सरांची, माहिती एनसीआर ३१५ नावाच्या संगणकात भरली आणि रेडिओवर स्पर्धाच लावून दिली. त्यात अली हरला जेम्स जेफ्रीजकडून, म्हणजे १९०५ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाकडून. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवलं. अलीने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. जिवंत माणसाने न लढलेल्या लढतीत हरल्याबद्दल कोर्टात जावं, याहून या छंदाचा मोठा सन्मान कोणता? प्रकरण मिटलं ते अलीने त्याच वोरोनरसाठी मार्सियानोसमोर कॅमेऱ्यापुढे उभं राहायच्या बोलीवर. अलीवर बंदी होती, पैशांची चणचण होती.

१९६९ च्या उन्हाळ्यात मायामीतल्या एका स्टुडिओत चित्रीकरण झालं. मार्सियानो तेरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. त्याने भरपूर वजन उतरवलं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. एकेका मिनिटाच्या सत्तर-एक फेऱ्या चित्रित झाल्या, रक्त म्हणून केचप वापरलं, आणि शेवट एक नाही, अनेक घेतले. कोणता दाखवायचा ते यंत्र सांगणार होतं. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्टला, मार्सियानो विमान अपघातात गेला, निकाल न कळताच. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या सिनेमागृहांत लोकांनी पाहिलं की मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला झोपवलं. हा संगणक वर्णद्वेषासाठी बदनाम असलेल्या अलाबामात बनला असणार, असं अली म्हणाल्याचं सांगतात. युरोपात मात्र दुसरी प्रत दाखवली गेली. तिच्यात मार्सियानोच्या जखमा पाहून लढत थांबते आणि जिंकतो अली.

याला म्हणतात न्यायबुद्धी. आपल्याकडे फार तर कुस्ती बरोबरीत सोडवतात. वोरोनरने दोन्ही गडी जिंकवले आणि दोन्हीकडची तिकिटं विकली. हल्ली संगणक सोपा झाला आहे, फोनवरच विचारता येतं. उत्तर पटलं नाही तर प्रश्न थोडा बदलून परत विचारा.

एकच धोका उरतो. कधीकधी दोन पिढ्यांची खरोखरच गाठ पडते. जेफ्रीज परत आला आणि १९१० मध्ये रीनोत जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपवलं. १९५१ मध्ये २८ वर्षांच्या मार्सियानोने ३७ वर्षांच्या जो लुईसला आठव्या फेरीत दोरांमधून बाहेर टाकलं. होम्सने अलीला, टायसनने होम्सला, लेनॉक्स लुईसने टायसनला. या लढतींत लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला निकाल आहे, म्हणून त्या मोजायच्या नाहीत. म्हातारा ऐन भरात नव्हता, एवढं म्हणा आणि पुढे चला. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासमध्ये ५८ वर्षांचा टायसन यूट्यूबवरून नावारूपाला आलेल्या जेक पॉलकडून गुणांवर हरला, तिथे तर एवढंही म्हणायची गरज नाही. पॉलचं नाव काढणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

हे उत्तर एकाच ठिकाणी लंगडं पडतं. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. किन्शासात हरलेला फोरमन, वय ४५, अंगात तीच २० वर्षांपूर्वीची लाल चड्डी, कोपऱ्यात अलीचा जुना प्रशिक्षक अँजेलो डंडी. समोर २६ वर्षांचा, एकदाही न हरलेला जगज्जेता मायकेल मूरर. नऊ फेऱ्या मूरर सरळ पुढे होता. दहाव्या फेरीत फोरमनचा उजवा हात हनुवटीवर बसला आणि मूरर पाठीवर पडून राहिला. सत्तरच्या दशकाचे भक्त यावर म्हणतात, बघा, आमच्या काळातला हरलेला म्हातारासुद्धा तुमच्या विजेत्याला पुरतो. नव्वदचे भक्त म्हणतात, मूरर मुळात हेवीवेट नव्हताच. तुम्ही ज्या बाजूचे असाल त्या बाजूने ही लढत वापरा. आणि मूररच्या बाजूने बोलणारा कुणी भेटलाच, तर त्याला जाऊ देऊ नका, त्याचाही चहा सांगा. असा माणूस अजून कुठल्याच कट्ट्यावर सापडलेला नाही.