उणे एक जामीन

"काका, तुमचं सिबिल बसत नाही," असं तो पोरगा म्हणाला, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाला की समोरच्या भिंतीवरच्या चौदा टीव्हींतल्या चौदा बातमीदार बायका क्षणभर गप्प झाल्यासारखं मला वाटलं.

गेल्या गुरुवारची गोष्ट. फ्रिज घ्यायला गेलो होतो. 2019 च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात जुना फ्रिज होडीसारखा तरंगला, त्यानंतर घेतलेला यंदा ऐन आमरसाच्या दिवसांत गेला. नवा 28,000 चा. पैसे नव्हते असं नाही, पण जूनमध्ये लेकीच्या कॉलेजची फी आहे, आणि विश्रामबागेतल्या त्या शोरूमनं 'शून्य व्याज, दहा हप्ते' अशी पाटी दाराशीच लावली होती. म्हटलं, घेऊ.

"बसत नाही म्हणजे?"

"सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या भरवशाचा आकडा काका. तुमचा सहाशे एक्केचाळीस आहे. साडेसातशे लागतो."

आम्हा सांगलीकरांना आकड्यांची भीती एरवी फक्त पावसाळ्यात वाटते. आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जुलै-ऑगस्टमध्ये कुणी भेटलं की 'बरं आहे ना' असं विचारत नाहीत, 'किती फूट?' असं विचारतात. त्या सवयीनं मला आधी वाटलं की 641 म्हणजे फारच वर गेलंय, गच्चीवर जायला हवं. मग कळलं की इथं उलटं असतं. इथं आकडा खाली गेला की माणूस बुडतो.

हा आकडा 300 पासून 900 पर्यंत असतो. शून्यापासून का नाही, हे मी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "तसंच असतं." म्हणजे पहिले 300 फुकट. आमच्या वेळी गणितात 32 पडले तर 3 गुण कृपेचे मिळत, ते सुद्धा मास्तरांचं तोंड बघून. इथं 300 कृपेचे देऊन वर 641 ला नापास!

आता माझं दुखणं नीट समजावं म्हणून माझा धंदा सांगतो. मी पंचवीस वर्षं हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. रोजमेळ, खतावणी, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, सगळं माझ्या हातानं. कुणाचं किती येणं, कुणाचं किती देणं, हे मला झोपेत विचारा. मार्केट यार्डात नुसत्या माझ्या शब्दावर लाखालाखाचा माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेलाय. आणि मला एक पंचविशीतला पोरगा, ज्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर त्याचा स्वतःचा फोटोही वाकडा लागलाय, तो सांगतो की काका तुमचा भरवसा 641.

"पण मी कुणाचं काय बुडवलंय?"

त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. कापडाच्या एका मोठ्या दुकानाचं कार्ड. थकीत.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाची खरेदी. आमच्या सौ. म्हणत होत्या, कापडपेठेत जाऊ. मीच हट्टानं त्या काचेच्या दुकानात नेलं, कारण तिथं एसी होता. बिल झालं 3,200. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आमचं कार्ड घेतलंत तर आत्ताच्या आत्ता 320 कमी. हिशेबाचा माणूस असल्या जागी घसरतो. बिनहिशेबी माणूस 'नको बाई' म्हणून निघून जातो. मी मनात दहा टक्के काढले आणि पॅन कार्ड पुढं केलं. तिनं तीनदा 'काका, ओटीपी सांगा' म्हटलं, मी तीनदा सांगितला. एक ओटीपी अर्जाचा, एक संमतीचा, एक कार्ड सुरू करण्याचा, हे आज कळतंय. ईमेल विचारला. नाही म्हटलं. "थांबा, मी काढून देते," म्हणाली आणि माझ्या नावानं एक ईमेल काढूनही दिला. त्या ईमेलवर आजवर काय काय आलं असेल, हे त्या मुलीला आणि देवाला ठाऊक. पासवर्ड दोघांपैकीच कुणाकडे तरी असणार.

पहिलं बिल मी मुदतीच्या आधी भरलं. घरी कार्ड आलं ते सौ.नी कात्रीनं चार तुकडे करून केरात टाकलं. आम्हाला वाटलं, संपलं. पण कार्ड कापलं म्हणजे खातं मरत नाही. बँकेला कळवून ते बंद करावं लागतं. तसं कळवलं की थकबाकी नसेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत बंद करायचं, नाही केलं तर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. इतका छान नियम आहे आणि माझ्याकडे कात्री होती!

पहिलं वर्ष फुकट होतं. वर्ष भरल्यावर फी लागली 499, वर 18 टक्के जीएसटी, मिळून 588 रुपये 82 पैसे. वर्षभर न वापरलेलं कार्ड बँकेनं आपणहून कळवून बंद करावं, असाही नियम आहे म्हणे, पण थकबाकी नसेल तर. आणि वर्ष भरायला आणि फी लागायला एकच मुहूर्त. मग त्या फीवर उशिराचा दंड, दंडावर जीएसटी, आणि वर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. मेसेज आले असतील. माझ्या फोनवर दिवसाला चाळीस इंग्रजी मेसेज येतात. त्यातला मला लॉटरी लागल्याचा कुठला आणि मी थकल्याचा कुठला, हे ओळखायला मी रिकामा नाही. एकूण झाले होते 2,764 रुपये. 320 वाचवले त्याचे.

दुकानाकडे बोट दाखवावं तर दुकान म्हणतं, कार्डावर आमचं फक्त नाव आहे, कार्ड बँकेचं. तेही नियमानं खरंच आहे. दुकानानं फक्त गिऱ्हाईक गाठायचं, उधारी बँकेची.

हे सगळं चालू असताना शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारबुवा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. कुंडलकडचे. वय पंचाहत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. ते माझ्या स्क्रीनमध्ये इतके वाकून बघत होते की त्यांच्या टोपीची कड माझ्या चष्म्याला लागत होती.

"दिवाणजी," ते म्हणाले (मी दिवाणजी आहे हे मी त्या पोराला तीन वेळा सांगितलं होतं, त्यामुळे आता सगळ्या शोरूमला माहीत होतं), "सहाशे एक्केचाळीस वाईट हाय व्हय?"

"पोरगा म्हणतोय."

"आरं लेकरा, माझं बघ की किती हाय ते."

ते नातवासाठी मोबाइल घ्यायला आले होते. रोखीनंच घेणार होते, पण पुण्यातल्या नातवानं फोनवर बजावलं होतं की आबा, हप्त्यावर घ्या, म्हणजे तुमचा सिबिल तयार होईल. "म्हनतो, आबा तुमाला सिबिल न्हाय. म्हटलं, आमच्या घराण्यात कुनालाच न्हवता. त्यावर काय मेलं कोन?"

पोरानं पॅन घातलं, ओटीपी घेतला आणि जरा थांबला. "आजोबा, तुमचा उणे एक आहे."

शोरूममध्ये शांतता पसरली.

"उणे?" आबा सावकाश म्हणाले. "म्हंजे मी देनं लागतो?"

"नाही नाही. म्हणजे तुमचा इतिहासच नाही."

हे त्यानं म्हणायला नको होतं.

"इतिहास न्हाय?" आबा उठून उभे राहिले. पिशवी खुर्चीवर ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आरं, माझा बा इंग्रजाविरुद्धच्या, नाना पाटलांच्या पत्री सरकारात हुता! शेनोलीची रेल्वे लुटली तवा घरातनं भाकरी गेल्यात आमच्या! त्रेचाळीस साल! आन् तू मला सांगतोस इतिहास न्हाय?"

"तो इतिहास नाही आजोबा, कर्जाचा इतिहास."

"कर्जाचा? दरसाल सोसायटीचं पीककर्ज घेतो आन् 31 मार्चच्या आत भरतो. एक साल चुकलं न्हाय. ऊस जळाला त्या साली म्हस इकली पन भरलं. ते कुठं गेलं?"

"ते इथं दिसत नाही."

"इथं म्हंजे कुठं?"

पोरानं बोट वर केलं. बहुधा त्याला कॉम्प्युटरचं आकाश अभिप्रेत असावं, पण आबांनी वर पंख्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांचं लक्ष पुन्हा माझ्या प्रकरणाकडे वळलं. त्यांनी व्याज विचारलं. मी 42 टक्के सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग पोराला अगदी मऊ आवाजात विचारलं, "लेकरा, पत्री सरकार म्हंजे काय, ठावं हाय का तुला? बेचाळिसात गोरगरिबाला नाडनाऱ्या सावकाराच्या तळपायाला काय करायचे, ते ठावं हाय?"

पोरानं खुर्चीखाली पाय ओढून घेतले. मला, खोटं कशाला सांगू, त्या दिवसातलं तेवढं एकच बरं वाटलं.

पण तो पोरगा मनानं वाईट नव्हता. कमिशनवर होता. मला म्हणाला, "काका, थांबा, अजून तीन फायनान्सकडे टाकून बघतो." मी म्हटलं, टाक. तिन्हीकडून नकार आला. पुढचं मी घरी आल्यावर वाचलं: कर्जासाठी कुणी असं तपासलं की त्या तपासणीचीही नोंद होते, आणि थोड्या दिवसांत पुष्कळ तपासण्या झाल्या की आकडा आणखी घसरू शकतो. म्हणजे माणूस बुडतोय का हे बघायला चौघांनी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून बघायचं. आणि हे मी स्वतः फुकट बघू शकलो असतो! देशात कर्जाच्या या नोंदी ठेवणारे चार ब्यूरो आहेत, प्रत्येकानं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो, आणि आपला आपण बघितला तर आकडा हलत नाही. चूक असेल तर तक्रार करायची, तीस दिवसांत निकाल नाही लावला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. माझ्या अहवालात चूक नाही हीच अडचण आहे. सगळं बरोबर लिहिलंय. 588 रुपये 82 पैसे मी खरंच भरले नव्हते. पंचवीस वर्षं मीही लोकांच्या नावावर असंच बरोबर लिहीत आलोय. पण मी लिहायच्या आधी हाक मारतो. 'अण्णा, तुमचे बाराशे राहिलेत बरं का,' एवढं तरी म्हणतो.

चौथा नकार आल्यावर आबांनी मांडी ठोकली.

"मी जामीन ऱ्हातो की!"

"काय?" पोरगा.

"दिवाणजींना मी जामीन. लिही. सरळ मानूस दिसतोय."

"आजोबा, तुमचा उणे एक आहे."

"मग? त्यास्नी सहाशे एक्केचाळीस हाय. त्यातनं एक गेला, सहाशे चाळीस ऱ्हातंय. त्यात काय बिघडतंय?"

पंचवीस वर्षं हिशेब लिहिले, पण या वजाबाकीत मला चूक काढता येईना. मला जामीन राहायला जो माणूस तयार झाला त्याला माझं नावही माहीत नव्हतं, आणि ज्यांना माझं नाव, पत्ता, पॅन, आधार आणि माझ्या सहीचा वळसासुद्धा माहीत होता, त्या चौघांनी नको म्हटलं होतं. पोरानं मान हलवली. वर, पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये असं वरून सांगितलेलं आहे, पण आमच्या सिस्टीममध्ये ते अजून बसत नाही, असंही म्हणाला. त्या शोरूममध्ये बसत नाही असंच सगळं होतं. खुर्च्याही दोनच.

थकलेले 2,764 मी तिथंच त्याच्या फोनवर आलेल्या लिंकवरून भरले. नाही, चुकलो, माझ्या फोनवर. त्याच्या फोनवरून भरायला तो तयार होता, पण आता मी शहाणा झालोय. बँकेला खातं बंद करण्याचं पत्रही पाठवलं. आकडा वर यायला वेळ लागेल म्हणे. बँका ठरावीक दिवसांनीच नवी माहिती कळवतात. पूर चढतो रात्रीत, उतरायला आठवडा लागतो, आणि चिखल तर महिनाभर निघत नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आबांनी शेवटी मोबाइल रोखीनंच घ्यायचा ठरवला. पिशवीतून एक डबा काढला, डब्यातून रुमाल, रुमालातून नोटा. "दिवाणजी, तुमी मोजा. तुमचा हात बसलेला." मोबाइल 12,500 चा, नोटा निघाल्या 12,000 च्या. पुन्हा मोजल्या. बाराच. एसटीच्या तिकिटाला आणि वाटेत खाल्लेल्या भडंगाला नोट मोडली होती, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

मी खिशातून पाचशे काढून दिले.

"शनवारी यार्डात येतो, तवा देतो," आबा म्हणाले. मी अडत सांगितली. त्यांनी लिहून घेतली नाही, मीही त्यांचं नाव-गाव लिहून घेतलं नाही. ओटीपीही कुणी मागितला नाही.

शनिवारी मी दुपारपर्यंत दारातच खुर्ची टाकून बसलो. मालकांनी विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हटलं, एक येणं आहे.

वाचताना त्या नियमांत आणखी एक बारीक ओळ सापडली होती: मुदत टळून तीन दिवसांच्या वर गेल्याशिवाय कार्डाचं खातं थकीत म्हणून कळवता येत नाही. शनिवारची मुदत. रविवार, सोमवार, मंगळवार. आज बुधवार.

रोजमेळ समोर उघडा आहे. अजून लिहिलेलं नाही.