छर्रे कुठायत?

नखांतलं काळं अजून गेलेलं नाही, डोक्यातलं तर मुळीच नाही.

बिग एंडची, म्हणजे पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकला (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला) जिथे धरतो तिथली, ठकठक सुरू झाली म्हणून इंजिन खोललं. जुन्या शेलवरचा, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीवरचा, पांढुरका थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. क्रँक ग्राइंड होऊन आला, घासून बारीक झालेल्या क्रँकला बसतील असे ०.२५ मि.मी. अंडरसाइझचे नवे शेल आले, आणि मागोमाग शेजारचे काका आले.

त्यांनी डब्यातला एक शेल उचलला, उजेडात धरला, उलटा केला, कानाजवळ नेऊन हलवलासुद्धा.

"हे काय?"

"मेन बेअरिंग."

"छर्रे कुठायत?"

"याला छर्रे नसतात, काका."

"सायकलच्या चाकात असतात, पंख्यात असतात, आणि एवढ्या इंजिनात नाहीत?" मग आवाज खाली आणून, "आणि अर्धंच दिलंय रे तुला."

"दोन अर्धी मिळून एक. मेनचे पाच जोड, कनेक्टिंग रॉडचे चार."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "अठरा तुकडे, आणि छर्रा एक नाही! पावती आहे ना?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला समजावून सांगायची खोड. म्हटलं, इंजिन चालू असताना क्रँक शेलला टेकतच नाही. पंपाने दाबाखाली आलेल्या तेलाच्या थरावर तो तरंगत फिरतो. मधली फट कागदाच्या जाडीपेक्षाही कमी.

"टेकतच नाही?"

"नाही."

"मग बसवतोस कशाला?"

याचं उत्तर आहे. इंजिन सुरू होताना तेलाचा थर धरेपर्यंत क्रँक टेकतो, आणि तेवढ्यातच क्रँक खाल्ला जाऊ नये म्हणून शेल मऊ धातूचा. पण हे मला रात्री अंथरुणात आठवलं. त्या वेळी मी "हात धुऊन येतो" एवढंच म्हणालो, आणि तीच चूक झाली.

परत आलो तर क्रँकला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये दाबून धरणाऱ्या पाचही मेन कॅप रॉकेलने लख्ख, ओळीने मांडलेल्या.

"किती बरबटल्या होत्या! कुणीतरी वर आकडे गिरगटले होते, तेही काढले बघ."

ते कुणीतरी म्हणजे मी. कॅप ब्लॉकला लावूनच क्रँकचं भोक बोअर करतात, त्यामुळे जिची जागा तिथेच ती बसते. माझ्या इंजिनाच्या कॅपवर नंबर ठोकलेले नव्हते, म्हणून मी मार्करने घातले होते. पंचाने ठोकायला हवे होते, मान्य. काकांसमोर मान्य करणार नाही.

पहिली, तिसरी, पाचवी कॅप आकारावरून ओळखू आली. शेलची जीभ अडकते ती खाच बघून तोंड कुठल्या बाजूला तेही कळलं. दुसरी आणि चौथी मात्र जुळ्या बहिणी. शेलची पाठ कोरडी, पोटाला तेल, मधल्या कॅपपासून बाहेर, ठरावीक जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळत गेलो. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघायचा. दुसरी आवळली आणि क्रँक जाम. पुन्हा सगळं सोडलं, पुसलं, दोघींची अदलाबदल केली, पुन्हा आवळलं. कंबर कामातून गेली. काका स्टुलावर बसून "अरे, जोर लाव" म्हणत होते. अशा माणसांना पाना मागितला की पक्कड देतात आणि वर हेच बरं म्हणून पटवतात.

शेवटी क्रँक सुटला. काका उठले, एका हाताने त्याला दोन गिरक्या दिल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"वा! अगदी छर्रे घातल्यासारखा फिरतोय."