मुळा-मुठा कंगव्याएवढी

सकाळपासून मी आरशात बघायचं टाळतोय. उजवा कल्ला कानाच्या पाळीपर्यंत आलाय, डावा अर्ध्या वाटेत संपलाय. सोमवारी पुण्याच्या नव्या ऑफिसात ओळखपत्रासाठी फोटो काढणार आहेत.

दोष सलूनवाल्याचा नाही. तोंडाला साबण लागलेला असताना मीच बोललो, "जरा नीट कर, हिंजवडीला नोकरी लागलीय." मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी पेपरची घडी घातली.

"राहणार कुठं?"

गळ्यावर वस्तरा असलेल्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

"मांजरी बघा. आमचे साडू तिथंच हायत. सोलापूरच्या माणसानं हडपसर सोडून पलीकडं जाऊच नये ओ मालक. गाडी रस्त्यावर काढली की सरळ सोलापूर."

"पण ऑफिस..."

"हलू नका," सलूनवाला म्हणाला.

गृहस्थ उठले आणि आरशापुढची फळी त्यांनी ताब्यात घेतली. पावडरचा डबा म्हणजे स्वारगेट. पाणी फवारायची बाटली म्हणजे हिंजवडी. तुरटी म्हणजे मांजरी. कंगवा आडवा टाकून म्हणाले, "ही मुळा-मुठा." मग तुरटीपासून बाटलीपर्यंत वीत टाकून दाखवली. "एवढं तर हाय!" एवढं म्हणजे तीसेक किलोमीटर, तेही सकाळी नऊला, सगळं पुणं आडवं कापून. शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा म्हणाला, वाकड बरं. त्याला गृहस्थांनी वाकडमध्ये काय भाव चाललाय ते विचारलं. पोराला सांगता येईना, म्हणून वाकड रद्द झालं. सलूनवाला म्हणाला, "नदी जरा द्या की." नदी माझ्या केसांतून फिरून परत फळीवर गेली ती थेट वाघोलीपलीकडं. मग दोघं मिळून ती सरळ करू लागले. डावा कल्ला गेला तो बहुतेक याच वेळी.

नदीवरून आठवलं. पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत आणि उजनीतून आमच्या नळाला येतं, तेही चार-पाच दिवसांआड. म्हणजे पुण्याचं पाणी मी पाळण्यात असल्यापासून पितोय. आता उगमाकडं जाऊन राहावं म्हटलं, तर परवडणारी प्रत्येक सोसायटी टँकरवर! दलालाला फोनवर पाण्याचं विचारलं, तर तो जिमबद्दल सांगायला लागला. करार अकरा महिन्यांचा, बाराव्याला काय ते मालक ठरवणार.

"पगार किती?" गृहस्थांनी विचारलं. सलूनमध्ये सहा माणसं होती. मागचा पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला. मी मान हलवली; सलूनवाला ओरडला. त्यांनी माझ्या गप्प बसण्यावरूनच हिशोब केला. "मग मांजरीसुद्धा आतल्या बाजूलाच बघा."

हे मात्र लागलं. 1877 साली इथं जुनी गिरणी सुरू झाली. पुढं तेलंगणातून विणकर आले आणि पूर्व भागात माग टाकून राहिले. घरातच माग, मागाशेजारीच चूल. कामापासून तीस किलोमीटर लांब बिऱ्हाड कर, असं त्यांना कुणी सांगितलं नसेल. आता गिरण्या गेल्या, भोंगे गेले, आणि त्या गावातला इंजिनिअर पोरगा अडीचशे किलोमीटरवर जाऊन तुरटीत घर शोधतोय! शेंगाचटणीचे डबे आईनं आत्ताच भरून ठेवलेत. ते ठेवायला ओटा कुठला, ते ठरलेलं नाही.

गृहस्थांनी साडूंना फोन लावला, स्पीकरवर. "हां, आपल्याकडचंच पोरगं हाय. मांजरी कसं हाय सांगा की." पलीकडून हॉर्न ऐकू आले, बराच वेळ. मग साडू म्हणाले, "पुलावर हाय, नंतर बोलतो." गृहस्थ माझ्याकडं वळले. "बगा, रस्त्यालगतच राहतात."

मी उठलो, टॉवेल झटकला, पैसे काढले. गृहस्थ माझ्याच खुर्चीत बसत म्हणाले, "दाढीचे माझेबी घ्या यांच्याकडनं. दलालाला एक महिन्याचं भाडं देणारच की."

आणि मी दिले.