गुडघा बदलल्यावर तीन महिने अंथरुणात? छे!

‘गुडघा बदलला की तीन महिने अंथरुणातच, आणि नवा सांधा टिकतो जेमतेम 10 वर्षं’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या. बहुतेक रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, गुडघाही आखडतो. घरचे मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतात, तीही नको. पाय सरळ होणं लांबतं. थोडी सूज काही महिने राहू शकते. पण पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा. टिकण्याचं म्हणाल, तर 2019 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या 100 गुडघ्यांपैकी सुमारे 82 गुडघे 25 वर्षं चालतात.