प्लंबरला विसरा म्हणे!

परवा सकाळी मानेवाड्याहून मावशीचा फोन. बोलता येईना, नुसता खोकला. संडास चोकअप झाला म्हणून तिनं भिशीच्या ग्रुपवरचा ‘प्लंबरला विसरा, 5 घरगुती उपाय’ हा मेसेज उघडला आणि पहिला उपाय तंतोतंत केला: भांड्यात अर्धी बाटली ॲसिड, वरून 4 चमचे ब्लीचिंग पावडर, दार लावून 20 मिनिटं थांबा. दार लावायच्या आधी फेस येतोय का, हे ती वाकून पाहायला गेली. ‘काहून बाप्पा, सगळ्यांनी तर अंगठे दिले होते,’ हे तिचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला, म्हणून हे लिहितोय.

संडासच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच, भांड्याच्या आसपास साचतो. त्यात आपले संडास केवढे, तर हात पसरले की दोन्ही भिंती लागतात, आणि वर वीतभर झरोका. माझ्यावर विश्वास नका ठेवू, टॉयलेट क्लीनरची बाटली फिरवून मागचं वाचा. मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं की ब्लीचसोबत वापरू नका. माल खपवायला बसलेला माणूस हे उगाच छापतो का?

बरं, एवढं करून चोकअप निघतो? ॲसिड बोअरच्या पाण्याचे पांढरे थर खातं. कापड, डायपर, शाम्पूची पुडी यांना त्यानं काही होत नाही. मावशीच्या पाइपातून शेवटी निघालं पोछ्याचं फडकं. सबंध. काठाची निळी पट्टीसुद्धा दिसत होती. आणि ते ॲसिडचं पाणी भांड्यात तसंच तुंबलेलं असताना प्लंबर त्यात हात घालणार होता. मावशीनं वेळेवर सांगितलं म्हणून त्याचा हात वाचला. मेसेजमध्ये या हाताबद्दल अवाक्षर नाही.

दुसरा उपाय उकळत्या पाण्याचा. हा अर्धा खरा आहे, कबूल करावं लागतं. गरम पाणी आणि भांड्याचा साबण ओतला की मोरीतली तेलकट घाण सुटते. पण गरम, उकळतं नाही. थंड कमोडला उकळत्या पाण्यानं तडा जाऊ शकतो, पीव्हीसी पाइपही नरम पडतो.

तिसरा, कोल्ड्रिंक ओता. प्या त्यापेक्षा.

चौथ्यात म्हणे सेप्टिक टँकमध्ये दर महिन्याला गूळ आणि यीस्ट टाका, टाकी कधीच उपसावी लागत नाही. अहो, लागणारे जिवाणू मैल्यासोबत रोज फुकट जातात. गाळ तरीही उरतो आणि दोन-तीन वर्षांनी तो काढावाच लागतो, नाहीतर वाहत जाऊन शोषखड्डा बुजवतो.

पाचव्यानं मात्र डोकं फिरलं: ‘तोंडाला ओला रुमाल बांधून टाकीत माणूस उतरवावा, सडक्या अंड्याचा वास आला की वर घ्यावं.’ तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि रुमालानं वायू अडत नाही. शिवाय 2013 च्या कायद्यानं असं माणसाला उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उपसायचीच असेल तर सक्शनची गाडी बोलवा.

प्लंबरनं आल्याआल्या जे केलं, ते या पाचात नव्हतंच. त्यानं अंगणातलं चेंबर उघडलं. रिकामं होतं, म्हणजे अडलंय ते भांडं आणि चेंबरच्या मधे. मग चेंबरकडून बांबूची लांब कमची सारली. भरलेलं निघालं असतं तर पुढची गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची मोठी नळी, तुंबलेली असती आणि घरात काहीही ओतून उपयोग नव्हता. झाकण उचलायला अर्धं मिनिट लागलं. त्यावरची मावशीची तुळशीची कुंडी सरकवायला मात्र आम्ही तिघं लागलो.